डाव्या हाताची जाळी

आमच्या आक्काने विणलेलं काही आता कोणी रुखवतात ठेवत नाही. लग्नघरात तिचा हात लागू नये म्हणतात. म्हणू देत! म्हणणाऱ्यांच्या घरी टीव्हीवर, फ्रिजवर, देवघरात आजही तिच्याच हातचे रुमाल आहेत, ते काही कोणी काढून टाकलेले नाहीत. सोयीपुरती भीती असते लोकांची. मला विचाराल तर भ्यायला पाहिजे ते भलत्याच घराला. ते घर सिन्नरला आहे. छान दुमजली आहे, दारात तुळस आहे, आणि गेटवर शुभ-लाभ लिहिलेलं आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, नवसाबाई. माहेर निफाडकडचं. थोरले दीर, सावळीराम दादा, अंबडच्या एका कंपनीत होते. एक दिवस ड्युटीवरून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत बसल्या जागी गेले. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून आक्का आमच्याजवळच, नाशिकच्या सिडकोत, खालच्या खोलीत. माझी आरोही तिच्याच मांडीवर वाढली. मी हाका मारमारून दमायचे आणि ही बया "मोठी आई, मोठी आई" करत खाली जाऊन बसलेली असायची.

आक्का डावखुरी. लहानपणी तिच्या बापाने डावा हात पाठीला बांधून उजव्याने जेवायला शिकवलं. लग्नानंतर आमच्या सासूबाईंनी राहिलेलं शिकवलं. नैवेद्याच्या ताटाला डावा हात लागला की त्या ताट गाईला घालायच्या आणि हिला दिवसभर उपाशी ठेवायच्या. मग बाई सगळं उजव्याने करायला लागली. पोळ्या, पूजा, भाजी चिरणं, सगळं. पण क्रोशाची सुई काही उजव्या हाताने ऐकेना. सुई घेतली की तिचा डावा हात मोकळा सुटायचा. सासूबाई पण तिथे काही बोलल्या नाहीत, कारण सगळ्या भावकीत त्या रुमालांचं कौतुक व्हायचं.

डाव्या हाताचं विणकाम उलट्या दिशेने जातं. आपण उजवीकडून डावीकडे जातो, ती डावीकडून उजवीकडे. त्यामुळे तिच्या जाळीतला प्रत्येक खांब, म्हणजे उभा टाका, जरासा दुसऱ्या अंगाला कललेला असतो. तुम्हाआम्हाला दिसणार नाही. मला तरी कुठे दिसत होता, तिने माझा रुमाल आणि तिचा रुमाल शेजारी ठेवून बोट फिरवून दाखवला तेव्हा दिसला.

आणि तिचा एक नियम होता. विकायचं नाही. कॉलेज रोडच्या एका बुटिकवालीने गाडी घेऊन येऊन विचारलं होतं, तरी नाही म्हणजे नाही. पुढे पुढे तर रुमालही सोडून ती विणायची फक्त लग्न ठरलेल्या मुलीच्या रुखवतासाठी, जेवणाच्या टेबलावर टाकायचा लांब पट्टा. आताच्या पोरी त्याला रनर म्हणतात. प्रत्येक मुलीला वेगळी नक्षी, आणि पट्ट्याच्या एका टोकाला जाळीत भरलेलं तिचं नाव. फक्त तिचं. एकीच्या आईने विचारलं, "नवरदेवाचं नाव नाही का घालायचं?" तर आक्का म्हणाली, "त्याचं नाव पत्रिकेत आसतं की मोठ्या अक्षरात." पट्टा द्यायची तो हळदीच्या आदल्या संध्याकाळी, आणि लग्नाला जायची नाही. मी म्हणायचे, अहो आक्का, चला की, आता कोण मानतंय विधवा नि सवाष्ण? ती म्हणायची, "मानत नायत गं. पण लक्षात ठेवतात."

तर आरोहीचं स्थळ आलं. आमच्या गल्लीतले बहिरूभाऊ लग्नं जमवतात, त्यांनी आणलं. मुलगा महेश, सिन्नरच्या एमआयडीसीत सुपरवायझर, वडील नाहीत, घरात आई आणि हा. आला तो सगळ्यांच्या पाया पडला. आक्काच्या सुद्धा पडला! सहसा मुलाकडचे तिला बघून न बघितल्यासारखं करतात. महेशची आई म्हणाली, "आम्हाला काही नको हो, नारळ आणि मुलगी द्या." आमचे हे, दीपकराव, तिथेच विरघळले. आरोही पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, तिची नोकरी पण चालू ठेवा म्हणाली ती माणसं. आता सांगा, असं स्थळ कोण सोडेल? सुपारी फुटली. तुळशीचं लग्न झालं की लगेच बार उडवायचा ठरलं. घाई त्यांना होती.

दसऱ्यानंतर आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. आक्का कधी येत नाही असल्या ठिकाणी, पण आरोही हट्टाला पेटली. "मोठी आई, माझा रनर मापात पाहिजे. तू स्वतः जाऊन टेबल मोजून ये." बाकी मुलींच्या आया दोऱ्याला गाठ मारून माप आणायच्या. आरोहीसाठी म्हणून ही बाई पहिल्यांदा कोणाचं टेबल मोजायला घराबाहेर पडली.

घर इतकं स्वच्छ की मला चप्पल कुठे काढावी कळेना. दारात मोगरा होता, पण पार लाकडापर्यंत कापलेला. पडदे खिडकीच्या कडेला बरोबर संपत होते, बोटभर खाली नाहीत. महेशच्या आईचे केस मानेपर्यंत कापलेले. त्या वयाची, पदर सावरून बसणारी बाई, आणि हे असे केस! मला वाटलं, आजारपणात गेले असतील बिचारीचे. बोलायला गोड होती. फक्त महेश खोलीत आला की बोलता बोलता थांबायची आणि पदर आवरून घ्यायची.

मी सोफ्यावर बसले होते. महेश माझ्यामागून आला आणि म्हणाला, "काकू, हलू नका, धागा निघालाय." मी मान वळवेपर्यंत कच्च आवाज आला. माझ्या पदराचा एक गोंडा त्याच्या तळहातावर होता. "बघा, आता कसं नीट दिसतं," म्हणाला आणि कात्री जेवणाच्या टेबलाशेजारच्या खिळ्याला परत अडकवली. मी हसले. काय करणार, होणारा जावई! पण घरी येईपर्यंत मी त्या पदराशी चाळा करत होते.

आक्का चहाला मदत करायला आत गेली होती. बाहेर आली तेव्हा चेहरा मातीचा झाला होता. तिने वितीने टेबल मोजलं, महेशच्या आईला नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसली. मोहदरी घाट उतरलो, पळसे गेलं, नाशिकरोड गेलं, बाई बोटांवर काहीतरी मोजत बसलेली. घरी आल्यावर मला खालच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"उज्वला, त्या घरात माझा पट्टा हाय."

"कुठला पट्टा?"

"मिक्सरखाली. अर्धा. मी मिक्सर उचलून बघितला. द्राक्षाचे घोस हायेत त्याच्यावर. नाव हाय ती बाजू कापलीय आणि कडेला मशीन मारलंय."

मी म्हटलं, "आक्का, असेल दुसऱ्या कोणाचा. क्रोशा काय तुम्ही एकट्याच करता?"

"माझे खांब मला कळत नायत व्हय? मी तिला विचारलं, छान हाय, कुठून आणलं? ती म्हणाली, नाशिकला एक्झिबिशनमधून. उज्वला, मी कधी विकलंय का काही? माझा पट्टा मुलीबरोबर जातो. तो ज्या घरात हाय त्या घरात मुलगी गेलेली हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोलू? पत्रिका छापून झाल्या होत्या, मानाच्या साड्या आणून ठेवल्या होत्या, आणि ही मला एका फडक्यावरून सांगतेय की मुलाचं आधी लग्न झालंय! "आक्का," म्हटलं, "तुम्हाला माझ्या पोरीचं चांगलं बघवत नाही का?" ती पलंगावर बसली आणि उजव्या हाताने डावा हात दाबत राहिली. मग म्हणाली, "द्राक्षं मी एकदाच केली. जाळीत ती गोल येत नायत, चौकोनी होतात, म्हणून परत नाय केली. ती केली होती माझ्या माहेरच्या हिरामणच्या पोरीला. सविताला. लॉकडाऊनमध्ये लग्न झालं तिचं. चार माणसांत, अंगणात. कुठं दिली ते पण मला कोणी सांगितलं नाय, आणि मी इचारलं नाय."

मी रागारागाने वर निघून आले. पण माझ्या पदराचा एक गोंडा नव्हता ना. तो विषय काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मीच खाली गेले आणि म्हटलं, "चला, आटपा. बघून येऊ तुमची सविता. ती सुखात नांदत असेल कुठेतरी, तर मग बघते तुमच्याकडे."

एसटीने निफाडला उतरलो, तिथून शेअर जीपने गावात. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंच्या बागांमध्ये पेठ-सुरगाण्याकडची माणसं छाटणीला लागली होती. दिसायची नाहीत, वेलींच्या मागे असायची, पण कात्र्यांचा आवाज रस्त्यावर येत होता. कट, कट, कट. सगळ्या शिवारात तेवढाच आवाज. 

हिरामणचं घर बागेच्या कडेला. त्याची बायको बायडाबाई ओट्यावर गहू निवडत होती. आक्काला बघून उठली, गळ्यात पडली, आणि मग मला बघून तिचा चेहरा बदलला. आक्काने आडपडदा ठेवला नाही. "बायडा, सविता कुठंय?"

"हाय की. घरातच हाय." तिने आवाज खाली केला. "छाटणी चालू हाय तवर बाहेर येत नाय ती."

आमच्या पाठीमागे दार वाजलं आणि सविता पाणी घेऊन आली. तरतरीत पोरगी, सडपातळ, डोक्यावर ओढणी घट्ट लपेटलेली. मला वाटलं होतं काय काय दिसेल, हात मोडलेला असेल, भाजलेली असेल. काहीच नव्हतं. धडधाकट होती. मला तर अगदी हायसं वाटलं, देवाशप्पथ. मी म्हटलं, "पोरी, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय सिन्नरला. महेश म्हणून मुलगा आहे."

तिच्या हातातला तांब्या खाली पडला नाही की काही नाही. तिने तो हळूच ओट्यावर ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"त्यांनी मला कधी मारलं नाही काकू," ती म्हणाली. "हे आधीच सांगते. सगळे तेच विचारतात."

मग सांगत गेली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "आधी ह्या आत्यांचा पट्टा. म्हणाले, टेबलाला लांब होतोय. मी म्हटलं, लोंबू दे, तो लोंबायलाच असतो. तर हसले आणि कापला. माझं नाव होतं ती बाजू. मला वाटलं, असेल एखाद्याला टापटिपीची आवड. मग माझ्या पडद्यांच्या झालरी. मग शालूचा पदर. माझ्या आईने दिलेला. जे मला आवडायचं ना, ते त्यांना लांब वाटायचं. मी काही आवडतं म्हणायचं सोडून दिलं. मग एक दिवस सकाळी उठले तर माझी वेणी उशाशी ठेवलेली. रबर लावून, नीट."

बायडाबाईने तोंडाला पदर लावला.

"मग वाढले थोडे, की परत. दुसऱ्या वेळेला मी जागी होते. सासूबाईंनी माझे खांदे धरले. म्हणाल्या, हलू नको, म्हणजे सरळ कापले जातात. त्यांना माहीत होतं ना. फारकतीला पंच बसले तेव्हा पंचांनी विचारलं, हात उगारला का कधी? मी म्हटलं नाही. खरंच नव्हता उगारला. तर म्हणाले, केसांचं काय, वाढतात की. पण काकू, ते पुढे काय कापतील हे मला कळत नव्हतं. कात्री खिळ्यावर असली की बरं वाटायचं. नसली की मी घरभर शोधायचे. म्हणून आले निघून."

बागेतून तो आवाज येतच होता. सविता उठली, आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

बायडाबाईने माझे पाय धरले. अहो, माझ्यापेक्षा मोठी बाई! "फारकत गुपचूप झाली ताई. गावात सांगितलंय, पोरगी शिकायला आलीय. धाकटीचं जमलंय आता येवल्याकडं. आमचं नाव निघालं तर तिचं मोडंल. तुमची पोर वाचवा, पण आमचं नाव घेऊ नका." मी तिला हाताला धरून उठवलं. आक्का म्हणाली, "बायडा, तुझ्या पोरीचं नाव माझ्या तोंडातून निघणार नाय." आणि ती एकदा बोलली की बोलली.

घरी आलो तेव्हा हे आणि आरोही दोघंही होते. मी नाव न घेता सगळं सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे पहिलं लग्न लपवलं. वाईटच केलं. पण केस कापले, एवढंच ना? लोक जाळून मारतात." मी म्हटलं, "अहो, जीभ झडेल!" भांडण पेटणार होतं, तेवढ्यात आरोही उठली. कपाटातून निळी ओढणी काढून आणली आणि टेबलावर पसरली. त्या ओढणीचे गोंडे एका बाजूला नव्हते. मला तिने सांगितलं होतं, गाडीच्या चाकात अडकून तुटले.

"गंगापूर रोडला कॉफी प्यायला गेलो होतो तेव्हा," ती म्हणाली. "त्याच्या किल्लीला छोटी कात्री आहे. मी मोबाईलमध्ये बघत होते. म्हणाला, गंमत केली. मी पण हसले, आई." ती अजून हसायचाच प्रयत्न करत होती. "मला ती ओढणी आवडते असं मी त्याला पाच मिनिटं आधी सांगितलं होतं."

हे खाली बसले. लग्न मोडायचं ठरलं ते ठराव करून नाही, ह्यांनी मुकाट्याने फोन हातात घेतला त्यावरून कळलं. पण नंबर लावला आणि मग अडलं. काय कारण सांगायचं? सविताचं नाव घ्यायचं नाही. आरोहीने मोडलं म्हटलं तर उद्या तिला कोण करणार?  तेव्हा आक्काने फोन काढून घेतला. स्पीकर चालू होता.

"नवसाबाई बोलते. आरोहीची मोठी आई. हे लग्न मी मोडलं. मला मुलगा पटला नाय. घरातल्या कोणाचा दोष नाय, मीच मोडलं."

 पलीकडून महेश बोलला, अगदी मऊ आवाजात. "मोठी आई, मिक्सर उचलून बघितलात ना तुम्ही? आई म्हणाली मला." आणि वर, "बरं झालं, स्वतःच्या तोंडाने सांगितलंत."

तेव्हा मला ह्या वाक्याचा अर्थ लागला नाही. माझी पोरगी सुटली, एवढंच मला दिसत होतं. मी आक्काच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

मग सुरू झालं. आठ दिवसांत सिडकोभर झालं की नवसाबाईने पुतणीचं लग्न मोडलं. रांडमुंड बाई, पोटी पोर नाही, तिला बघवलं नाही. बायका समोरून येताना दिसल्या की मी भांडायला उभी राहायचे, आणि आक्का मागून माझा हात ओढायची. "बोलू दे. आरोहीला कोणी काय म्हणतंय का? मग?" एका मुलीच्या आईने दिवाळीआधी पट्ट्याला दोरा आणून दिला होता, ती येऊन दोरा परत घेऊन गेली. अर्धं विणून झालं होतं. त्यानंतर कोणीच आलं नाही. आक्का सुई घेऊन बसायची आणि विणायला कोणाचं नाव नसायचं. तिचं दुःख मला बघवायचं नाही, आणि ती ते दाखवायची पण नाही.

उन्हाळा लागता लागता बहिरूभाऊंनी बातमी आणली. महेशचं जमलं. मालेगावच्या अलीकडे हायवेला एक गाव आहे, तिथली मुलगी, कॉलेज नुकतंच झालेलं. "चांगली माणसं आहेत," बहिरूभाऊ म्हणाले, "लगेच हो म्हणाले."

आक्का जेवत होती. हात धुतला आणि म्हणाली, "उज्वला, उद्या जायचं." मी म्हटलं, आपलं काय काम? कोण ओळखतं आपल्याला? ती म्हणाली, "म्हणूनच. तिथं तरी आपलं ऐकतील."

द्वारका चौकातून एसटी धरली. गाव शोधत शोधत भर उन्हात त्या घरी पोचलो. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. कडी वाजवली. आतून कोणीतरी अहिराणीत विचारलं, "कोन शे?" आणि मुलीची आई बाहेर आली. हाताला हळद, गडबडीत, हसतमुख. बसा म्हणाली, पाणी घ्या म्हणाली. आक्का बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, तुमच्या होणाऱ्या जावयाचं आधी एक लग्न झालंय. त्या मुलीचं नाव मला सांगता यायचं नाय. पण तो माणूस..."

त्या बाईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "तुम्हीच ना त्या नाशिकच्या?" ती म्हणाली. "विणकाम करणाऱ्या? पुतणीचं लग्न मोडलं त्या?"

"हो. पण..."

"आम्हाला सांगितलंय त्यांनी तुमच्याबद्दल. म्हणाले, ती बाई येईल. आधीचं एक जमलेलं तिने मोडलं, आता इथेही येईल, काहीबाही सांगेल. फोनवर तुम्ही स्वतः कबूल केलेलं त्यांनी आम्हाला ऐकवलंय." तिने पाण्याचे ग्लास तसेच उचलले. "माझ्या दारात मांडव पडतोय बाई. तुम्ही अशा, आणि आज इथे उभ्या. निघा."

मी बोलले, काय काय बोलले मला आठवत नाही, चांगला आवाज चढवला मी. शेजारच्या बायका गोळा झाल्या. कोणीतरी म्हणालं, हाकला यांना. आक्काने सविताचं नाव घेतलं असतं तर कदाचित ऐकलं असतं त्यांनी. मी तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ हलले, आणि परत मिटले. येवल्याला बायडाबाईची धाकटी नांदत होती. आक्का वळली आणि चालायला लागली.

घराला वळसा घालून स्टँडकडे निघालो तर परसातलं मागचं गेट किलकिलं उघडलं. हातात भाजीच्या सालींची पाटी घेऊन एक पोरगी उभी होती. बांगड्या नव्या, डोळे मोठे. तिने मागे घरात एकदा बघितलं.

"तुम्ही आतमध्ये म्हणत होतात," ती हळूच म्हणाली, "ते काय करतात? तुम्हाला बोलू नाही दिलं."

आक्का म्हणाली, "कापतो. तुला आवडेल ते."

पोरीने पाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आमच्या कॉलेजच्या सेंड-ऑफचा फोटो होता," ती म्हणाली. "आम्ही सहा मैत्रिणी. माझ्याजवळ तेवढा एकच होता. त्यांनी तो मागून घेतला आणि मला एकटीला गोल कापून पाकिटात ठेवलं. प्रेमाने ठेवलं हो. बाकीच्या कुठे टाकल्या विचारलं तर हसले." तिने आक्काच्या तोंडाकडे बघितलं. "ते पण त्यात येतं का?"

"येतं गं बाई," आक्का म्हणाली. "तेच असतं पहिलं."

आतून आईने हाक मारली. पोरीने साली खाली टाकल्या, रिकामी पाटी छातीशी धरली आणि आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. दुसरी हाक आली, जवळून. ती आत गेली आणि तिने गेटची कडी लावून घेतली.